नवा फिश टँक: मासे अचानक मरू नयेत म्हणून पहिल्या दिवसापासून काय करायचं

नव्या टँकमधले मासे मेले की दोष सहसा माशांच्या नाहीतर दुकानदाराच्या माथी जातो. कधीकधी तो खराही असतो. पण मासे किती काळाने मेले एवढं नीट पाहिलं तरी बहुतेक प्रकरणांचा उलगडा होतो. सोडल्यावर काही तासांत सगळे एकदम गेले, तर क्लोरीन, तापमानाचा झटका किंवा घरात झालेली फवारणी. तिसऱ्या दिवसापासून दहा-बारा दिवस रोज एखादा जात राहिला, तर अमोनिया. ‘आता बसला टँक’ असं म्हणेपर्यंत तिसऱ्या ते पाचव्या आठवड्यात गेले, तर नायट्राइट. आणि दोन-तीन महिने छान चाललेल्या टँकमधले मासे पाणी बदलल्यावर रातोरात गेले, तर पाण्याचा पीएच (आम्लतेचं माप; आकडा जितका कमी तितकं पाणी आम्ल) आधीच घसरलेला असण्याची दाट शक्यता. मुंबईच्या पाण्यात या शेवटच्या प्रकाराला वाव जरा जास्तच आहे.

पुढचे सगळे हिशेब दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच टँकचे आहेत. काठोकाठ भरला तर त्यात ५६ लिटर मावतात. खडे, फिल्टर आणि वरची दोन बोटं मोकळी जागा वजा केली की ४५ ते ५० उरतात. सोयीसाठी ५० धरू. तुमचं माप वेगळं असेल तर लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन गुणा आणि हजाराने भागा, लिटर मिळतील. यापेक्षा लहान टँक नवख्याने घेऊ नये. गोल बाऊल तर नकोच. पाणी कमी असलं की चूक सुधारायला वेळही कमी मिळतो.

सामान आणि जागा

भरलेला दोन फुटी टँक खडे-स्टँडसकट सत्तर-ऐंशी किलोंच्या घरात जातो, त्यामुळे टीव्हीच्या हलक्या युनिटवर तो ठेवू नका. खिडकीतलं थेट ऊनही टाळा. दोन तासांच्या उन्हानेही पाणी तापतं आणि काचेवर शेवाळ धरतं.

फिल्टर म्हणून एअर पंपावर चालणारा स्पंज फिल्टर या मापाला पुरतो. पॉवर फिल्टर घेतलात तर तासाला २०० ते ३०० लिटर पाणी फिरवणारा घ्या, म्हणजे टँकमधलं सगळं पाणी तासाला चार ते सहा वेळा फिरेल. एअर पंप पाण्याच्या पातळीच्या वर ठेवा. ते जमत नसेल तर नळीत वीस-तीस रुपयांचा एकेरी झडपेचा तुकडा बसवा, नाहीतर वीज गेल्यावर पाणी उलटं नळीतून पंपात येतं. विजेच्या वायरी सॉकेटच्या खाली लोंबून मग वर जातील अशा सोडा, म्हणजे वायरीवरून ओघळलेलं पाणी प्लगपर्यंत पोचत नाही. टँकमध्ये हात घालण्याआधी सगळे प्लग काढा.

खडे साबणाशिवाय, बादलीत पाणी नितळ होईपर्यंत धुवा. रंगीत खड्यांचा रंग हाताला लागला तर ते परत करा. काच नव्याने चिकटवलेली असेल आणि सिलिकॉनला व्हिनेगरसारखा वास येत असेल, तर तो पूर्ण जाईपर्यंत थांबा. मग टँक एकदा भरून, एक दिवस ठेवून, ते पाणी टाकून द्या.

पैसे कुठे वाचवायचे हा प्रश्न असेल तर बुडबुडे सोडणारा खजिन्याचा पेटारा आणि पाठीमागचं समुद्राचं पोस्टर यावर वाचवा. अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट आणि पीएच तपासायचं थेंबांचं किट मात्र घ्याच, जमल्यास केएच म्हणजे पाण्याची आम्ल शोषण्याची ताकद मोजणारं किटही. पट्ट्यांपेक्षा थेंबांचं रीडिंग भरवशाचं असतं. रंग ट्यूबलाइटखाली न पाहता खिडकीशी, पांढऱ्या कागदावर पाहा. काही किटमध्ये नायट्रेटच्या दुसऱ्या बाटलीत तळाशी चूर्ण बसतं; ती अर्धा मिनिट जोरात हलवली नाही तर आकडा खोटा कमी येतो.

नळाचं पाणी

मुंबईला पालिकेचं पाणी अप्पर वैतरणा, मध्य वैतरणा, मोडकसागर, तानसा, भातसा, विहार आणि तुळशी या सात तलावांतून येतं. मुळात हे साठवलेलं पावसाचं पाणी, त्यामुळे क्षार कमी. टीडीएस, म्हणजे विरघळलेले क्षार, मोजणारा मीटर बुडवला तर आकडा बहुधा शंभराच्या आसपास किंवा त्याहून कमी येतो. टेट्रा ठेवणाऱ्याला ही चांगली बातमी वाटते आणि अर्धी ती आहेही. उरलेली अर्धी पीएचच्या भागात येईल.

पण तुमच्या नळाला येतं ते पाणी आधी सोसायटीच्या जमिनीखालच्या टाकीत आणि मग गच्चीवरच्या टाकीत थांबून येतं. उन्हाळ्यात पाणीकपात लागली की त्यात टँकरचं किंवा बोअरवेलचं पाणी मिसळलं जातं. टीडीएस अचानक काही शेकड्यांवर गेला तर समजावं की आज पाणी वेगळं आहे. त्या दिवशी मोठा पाणीबदल नको. दीडदोनशे रुपयांचा टीडीएस मीटर याच एका कामासाठी घ्यावा.

क्लोरीन माशांचे कल्ले जाळतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे नळाच्या पाण्यात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलेला असावा लागतो. माणसाला तो जाणवतही नाही. टँकमध्ये मात्र तो राहू देऊच नये. पावसाळ्यात पाणी गढूळ आलं की क्लोरीनचा वास वाढलेला अनेकांना जाणवतो. त्याहून धोक्याचा दिवस म्हणजे सोसायटीने टाक्या ब्लीचिंग पावडरने धुतल्यानंतरचा. नोटीस बोर्डावर टाकी सफाईची तारीख दिसली की त्यानंतर दोन-तीन दिवस त्या पाण्याला हात लावू नका. लागेल तेवढं आधीच बादल्यांत भरून ठेवा.

क्लोरीन घालवायचे दोन मार्ग आहेत. पाणी उघड्या बादलीत २४ तास ठेवायचं. एअर स्टोन, म्हणजे एअर पंपाच्या नळीला लावायचा बुडबुडे सोडणारा दगड, सोडला तर आणखी लवकर जातो. किंवा सोडियम थायोसल्फेट वापरायचं. दुकानातल्या अँटी-क्लोरीनच्या बाटलीत बहुधा तेच असतं, पण किती पातळ केलंय ते लेबलवर क्वचितच लिहिलेलं असतं. केमिकलच्या दुकानात त्याचे पांढरे स्फटिक ‘हायपो’ म्हणून मिळतात. १० ग्रॅम स्फटिक १०० मिली पाण्यात विरघळवून बाटलीत भरा. या द्रावाचं १ मिली १० लिटर पाण्याला पुरतं, म्हणजे २० लिटरच्या बादलीला २ मिली. एक मिलिग्रॅम क्लोरीनला सात मिलिग्रॅम स्फटिक या हिशेबात, लिटरमागे एक मिलिग्रॅम क्लोरीन धरून, थोडी शिल्लक ठेवून हे माप काढलं आहे. वास जास्त येत असेल तर दुप्पट घाला. थोडं जास्त झालं तरी माशांना त्रास होत नाही, कमी पडलं तर होतो.

तापमानाची चूक मुंबईत एप्रिल-मेमध्ये होते. दुपारी गच्चीच्या टाकीतून आलेलं पाणी हाताला चटका देतं आणि लोक तेच थेट टँकमध्ये ओततात. सकाळी भरून सावलीत ठेवलेलं पाणी वापरा. टँकमधल्या आणि बादलीतल्या पाण्यात २ अंशांपेक्षा जास्त फरक नको. काचेवर चिकटवायच्या रंगीत पट्टीपेक्षा पाण्यात बुडणारा साधा थर्मामीटर बरा.

आरओचं पाणी ‘शुद्ध’ म्हणून वापरू नका. त्यात क्षार जवळपास नसतातच.

टँक बसवणं: हीच खरी मेहनत

मासा कल्ल्यांतून सतत अमोनिया सोडत असतो. त्याची विष्ठा आणि उरलेलं खाद्य सडूनही अमोनियाच होतो. जुन्या टँकमध्ये फिल्टरच्या स्पंजवर आणि खड्यांवर वाढलेले जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट करतात. नायट्रेट बऱ्यापैकी सोसवतं आणि पाणी बदललं की कमी होतं. नव्या टँकमध्ये हे जिवाणू नसतात आणि ते फार सावकाश वाढतात. चार ते सहा आठवडे धरा. मुंबईच्या उबदार पाण्यात कधीकधी तीन-चार. पाणी काचेसारखं स्वच्छ दिसतं म्हणून टँक तयार आहे असं मुळीच नाही. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही डोळ्यांना दिसत नाहीत.

म्हणून टँक आधी माशांशिवाय बसवायचा, म्हणजे हे जिवाणू आधीच वाढवायचे, आणि त्यांना अमोनिया बाहेरून पुरवायचा. त्यासाठी अमोनियम क्लोराइड लागतं, म्हणजे आपला नवसागर, ज्याने कल्हईवाले भांडी साफ करतात. बाजारातल्या नवसागराच्या खड्यात काय काय मिसळलेलं असेल सांगता येत नाही, म्हणून केमिकलच्या दुकानातून प्रयोगशाळेच्या दर्जाचं घ्या. ५ ग्रॅम अमोनियम क्लोराइड अर्ध्या लिटर पाण्यात विरघळवा, बाटलीवर नाव लिहा आणि मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा. या द्रावाचे ३० मिली ५० लिटर पाण्यात घातले की अमोनिया साधारण २ पीपीएम (लिटरमागे २ मिलिग्रॅम) होतो.

पहिल्या दिवशी क्लोरीन काढलेलं पाणी भरा, फिल्टर आणि एअर स्टोन सुरू करा, एक दिवस गळती आणि तापमान पाहा. पाणी २७ ते ३० अंशांत असलं की जिवाणू जोमाने वाढतात, त्यामुळे मुंबईत बहुतेक महिने हीटरची गरज नाही. दुसऱ्या दिवशी ३ ग्रॅम खाण्याचा सोडा (अर्ध्या चहाच्या चमच्याहून किंचित जास्त, बेकिंग पावडर नव्हे) विरघळवून घाला आणि मग ३० मिली द्राव. अर्ध्या तासाने अमोनिया तपासा, २ च्या आसपास दिसायला हवा.

यानंतर दर दोन-तीन दिवसांनी तपासणी. पहिला आठवडाभर काहीच घडत नाही आणि इथेच लोकांचा धीर सुटतो. दहा ते चौदा दिवसांच्या सुमारास अमोनिया उतरू लागतो आणि नायट्राइट चढतो. अमोनिया ०.५ च्या खाली गेला की पुन्हा ३० मिली घाला. नायट्राइट किटच्या शेवटच्या रंगापलीकडे गेला तर निम्मं पाणी बदला आणि पुढचे डोस १५ मिलीचे करा. फार साचलेलं नायट्राइट दुसऱ्या जिवाणूंची वाढही अडवतं. आठवड्यातून एकदा पीएच पाहा, ६.५ च्या खाली आला की जिवाणू सुस्तावतात, तेव्हा आणखी ३ ग्रॅम सोडा घाला.

३० मिली घातल्यापासून २४ तासांत अमोनिया शून्य आणि नायट्राइटही शून्य, असं लागोपाठ दोन वेळा झालं की टँक तयार. मग ७० ते ८० टक्के पाणी बदला, नायट्रेट २० च्या आसपास आणा आणि दुसऱ्या दिवशी मासे सोडा. मध्ये दोन-चार दिवसांपेक्षा जास्त रिकामा ठेवायचा असेल तर अधूनमधून १० मिली घालत राहा.

केमिकल आणायचं नसेल तर एक सोललेली कच्ची कोळंबी पातळ कापडात बांधून टँकमध्ये सोडा. काम होतं, पण अमोनिया किती सुटतोय त्यावर ताबा राहत नाही आणि घरात वास सुटतो. सगळ्यात जलद मार्ग म्हणजे ओळखीच्या, निरोगी आणि वर्षभर चाललेल्या टँकमधला स्पंज. फिल्टरचा अर्धा जुना स्पंज त्याच टँकच्या पाण्यात ओला ठेवून तासाभरात आणून आपल्या फिल्टरमध्ये बसवला तर महिन्याचं काम आठवड्या-दीड आठवड्यावर येऊ शकतं. त्या टँकमधले रोगही सोबत येऊ शकतात, म्हणून दुकानातल्या टँकचा स्पंज घेऊ नये. बाटलीतल्या जिवाणूंचा कधी उपयोग होतो, कधी नाही. ती घातली म्हणून तपासणी सोडू नका.

या काळात पाणी दुधासारखं पांढरट झालं तर घाबरू नका. ते वेगळ्या जिवाणूंचं पीक असतं, काही दिवसांत बसतं. त्या भरात सगळं पाणी उपसून खडे गरम पाण्याने धुतलेत तर पहिल्यापासून सुरुवात. आणि टँक लावताना दुकानदाराने हातात दिलेली निळ्या औषधाची बाटली उघडू नका. मिथिलीन ब्लू उपयोगी जिवाणूंनाच मारक ठरतं.

मासे आधीच आणले असतील तर

मुलांनी हट्ट केला, वाढदिवसाला कुणी भेट दिले, असं होतंच. मग रोज तपासणी आणि रोज पाणीबदल एवढाच उपाय. अमोनिया किंवा नायट्राइट ०.२५ दिसला की २५ टक्के, ०.५ किंवा वर गेला की ५० टक्के पाणी बदला, क्लोरीन काढून आणि तापमान जुळवून. खाद्य एक दिवसाआड, तेही चिमूटभर. निरोगी, मोठा मासा आठवडाभर उपाशी राहिला तरी मरत नाही.

पीएच एका अंकाने वाढला की अमोनियातला विषारी भाग जवळजवळ दहापट होतो. त्यामुळे ७ पीएचला माशांनी सोसलेला १ पीपीएम अमोनिया ८ पीएचला त्यांना मारू शकतो. म्हणून टँकमध्ये मासे आणि अमोनिया दोन्ही असताना सोडा घालून पीएच चढवायचा नाही.

नायट्राइटचं विष वेगळं आहे. ते माशाच्या रक्तातलं हिमोग्लोबिन बिघडवतं. पाण्यात प्राणवायू भरपूर असूनही मासा वर येऊन धापा टाकतो आणि कल्ले लालऐवजी तपकिरी दिसतात. मिठातलं क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही. मृदू, म्हणजे कमी क्षारांच्या, पाण्यात क्लोराइड मुळातच कमी, म्हणून इथे नायट्राइट जास्त बाधतं. ५० लिटरला ५ ते १० ग्रॅम साधं मीठ, म्हणजे एक ते दोन चहाचे चमचे, मगभर पाण्यात विरघळवून हळूहळू घाला. एवढं मीठ गप्पी, मॉली, टेट्रा, कॉरी सगळ्यांना चालतं. पाणी बदलाल तेव्हा फक्त काढलेल्या पाण्याच्या प्रमाणात पुन्हा घाला. मीठ उडून जात नाही, साठत राहतं.

कोणते मासे, किती आणि कसे आणायचे

बसलेल्या ५० लिटरमध्ये पहिल्या दिवशी चार-पाच छोटे मासे: प्लॅटी, गप्पी किंवा झेब्रा डॅनिओ. दोन आठवडे अमोनिया-नायट्राइट शून्य राहिला तर आणखी तीन-चार. एकूण आठ-दहावर थांबा. गोल्डफिश या मापात बसत नाही. तो खूप खातो, खूप घाण करतो आणि वीतभर वाढतो. ‘शार्क’ म्हणून दोन इंचांचं चंदेरी पिल्लू दाखवतात तो पंगस. हॉटेलात बासा म्हणून ताटात येतो तो बहुतेक वेळा हाच, आणि पूर्ण वाढ झाली तर मीटरभरापेक्षा मोठा होतो. ऑस्कर, फ्लॉवरहॉर्न आणि सकरफिशही सोडून द्या.

क्रॉफर्ड मार्केट असो की घराजवळचं दुकान, मासा घेण्याआधी पाच मिनिटं नुसतं पाहत उभं राहा. एखादा मासा पर मिटून कोपऱ्यात थांबलाय, अंग खड्यांवर घासतोय, अंगावर मिठाच्या कणांएवढे पांढरे ठिपके आहेत किंवा तळाशी मेलेला पडलाय, तर त्या टँकमधला एकही मासा घेऊ नका. पाणी निळं किंवा पिवळं असेल तर औषधोपचार चालू आहे. माल कधी आला ते विचारा. आठवडाभर दुकानात टिकलेला मासा घ्यावा.

पिशवीत एक तृतीयांश पाणी आणि बाकी प्राणवायू भरून घ्या. लोकलने दीड तास लागणार असेल तर पिशवी थर्माकोलच्या डब्यात किंवा कापडी पिशवीत ठेवा, उजेड आणि धक्के दोन्ही कमी होतात. घरी आल्यावर टँकचा लाइट बंद करा, बंद पिशवी पंधरा-वीस मिनिटं पाण्यावर तरंगू द्या. मग पिशवी उघडून दर पाच मिनिटांनी अर्धा कप टँकचं पाणी त्यात घाला. अर्ध्या-पाऊण तासाने मासे जाळीने उचलून टँकमध्ये सोडा आणि पिशवीतलं पाणी मोरीत ओता. मासे कुरियरने, दहा-बारा तास बंद पिशवीत आले असतील तर हे लांबवू नका. अशा पिशवीत कार्बन डायऑक्साइडमुळे पीएच उतरलेला असतो आणि अमोनिया साठलेला. पिशवी उघडताच पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. तापमान जुळवा आणि लगेच सोडा. पहिल्या दिवशी खाद्य नाही.

नंतर आणलेले मासे वेगळ्या टबमध्ये दोन-तीन आठवडे ठेवता आले तर उत्तम. पंधरा लिटरचा प्लास्टिकचा टब आणि एक स्पंज फिल्टर पुरतो. फिल्टरचा तो स्पंज एरवी मोठ्या टँकमध्येच पडू द्या, म्हणजे लागेल तेव्हा तयार मिळेल.

रोजचं आणि आठवड्याचं

खाद्य दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल एवढंच. घरात चार माणसं असतील तर चौघंही आपापल्या वेळी चिमूट टाकतात, म्हणून दिवसाचं खाद्य सकाळीच गोळ्यांच्या डबीत काढून ठेवा. डबी रिकामी म्हणजे आजचं झालं.

दर आठवड्याला २० ते २५ टक्के पाणी बदला, म्हणजे दहा-बारा लिटर, नळीने खड्यांतली घाण ओढत. फिल्टरचा स्पंज त्याच काढलेल्या पाण्यात दोनदा पिळायचा, नळाखाली कधीही नाही. नळाचा क्लोरीन महिन्याभराची कमाई मिनिटात धुऊन नेतो. स्पंज आणि खडे एकाच दिवशी साफ करू नका. लाइट सहा ते आठ तास.

मृदू पाणी आणि पीएचची घसरण

अमोनियाचं नायट्रेट होताना आम्ल तयार होतं आणि पाण्यातला केएच ते शोषतो. एक मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजनला सात मिलिग्रॅमहून जास्त केएच (कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात) खर्ची पडतो. मुंबईच्या पाण्यात तो मुळातच थोडा असल्याने काही आठवड्यांत संपतो आणि पीएच ६ च्या आसपास किंवा खाली कोसळतो. जिवाणू काम थांबवतात, अमोनिया साचतो, पण कमी पीएचला तो जवळजवळ निरुपद्रवी रूपात असल्याने मासे ठीक दिसतात. मग कुणीतरी रविवारी ‘आज नीट साफ करू’ म्हणून साठ-सत्तर टक्के ताजं पाणी घालतं. पीएच दीड अंकाने वर जातो, साचलेला अमोनिया विषारी होतो आणि सोमवारी सकाळी मासे तरंगत असतात. दोष नव्या पाण्यावर येतो. खरं तर नेमाने होणारे छोटे पाणीबदल चुकले होते.

दर आठवड्याला पाणी बदलणं हा पहिला बचाव, कारण प्रत्येक बादलीतून थोडा केएच आत येतो. महिन्यातून एकदा केएच तपासा; ३ अंशांच्या खाली असेल तर फिल्टरमध्ये मूठभर, शंभरेक ग्रॅम, शिंपल्यांचा किंवा संगमरवराचा चुरा जाळीच्या पिशवीत ठेवा. तो लागेल तसा सावकाश विरघळतो. शिंपले किनाऱ्यावरचे असतील तर घासून, उकळून घ्या. प्रवाळाचे तुकडे मात्र घेऊ नका. आपल्याकडे प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. तातडीने चढवायचा असेल आणि अमोनिया शून्य असेल, तर ५० लिटरला दीड ग्रॅम खाण्याच्या सोड्याने केएच १ अंश वाढतो. दिवसाला त्यापेक्षा जास्त नको.

उलट बोअरवेलच्या पाण्यावर टँक चालत असेल तर हा प्रश्न सहसा येत नाही, पण पीएच ८ च्या आसपास असल्याने अमोनियाचा लहानसा आकडाही गंभीर समजा.

घरातली फवारणी, उकाडा आणि वीज

डासांच्या कॉइल, लिक्विड मशीन, झुरळांचा स्प्रे आणि पेस्ट कंट्रोल यांत पायरेथ्रॉइड गटाची द्रव्यं सर्रास असतात. माणसाला त्या प्रमाणात विशेष त्रास नाही, माशांना मात्र अगदी थोड्याने मरण येतं. आणि एअर पंप खोलीतली हवा ओढून थेट पाण्यात सोडतो, हे कुणाच्या लक्षात येत नाही. पावसाळ्यात सोसायटीत धूर फवारणी असेल तर खिडक्या लावा, टँकवर प्लास्टिकचा कागद घालून कडा ओल्या कापडाने बंद करा, एअर पंप तेवढ्यापुरता बंद ठेवा. पाण्यात बुडालेला पॉवर फिल्टर चालू राहू द्या. खोली मोकळी झाली की कागद काढा आणि पंप लगेच सुरू करा. घरात पेस्ट कंट्रोल किंवा गणपतीआधीची रंगरंगोटी असेल तर दोन दिवस टँक दुसऱ्या खोलीत नाहीतर मासे टबमध्ये शेजारी हलवा. हाताला साबण, सॅनिटायझर किंवा ओडोमॉस असेल तर तो हात पाण्यात घालू नका.

२५ अंशांच्या पाण्यात लिटरमागे सव्वाआठ मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू मावतो, ३० अंशांना साडेसात. त्याच वेळी उष्ण पाण्यात माशांची गरज वाढलेली असते. मे आणि ऑक्टोबरमध्ये एअर स्टोन चोवीस तास हवा, झाकण थोडं उघडं ठेवा आणि बाजूने छोटा पंखा लावा. पाण्याच्या पृष्ठावर वारा लागला की दोन-तीन अंश सहज उतरतात. बर्फ टाकून एकदम थंड करू नका. वीज जाणाऱ्या भागात राहत असाल, तर बॅटरीवर चालणारा एअर पंप घेऊन ठेवा. बंद डब्याचा फिल्टर काही तास थांबला असेल तर सुरू करण्याआधी उघडा आणि वास घ्या. कुजका वास आला तर आतलं पाणी मोरीत ओता, स्पंज टँकच्या पाण्यात पिळा, मग सुरू करा.

मासे वर येऊन धापा टाकताहेत: पहिल्या तासात काय

औषध शोधायच्या आधी एअर स्टोन पूर्ण जोरात चालू करा, फिल्टरचा झोत पृष्ठभागावर वळवा, मेलेले मासे काढा, खाद्य बंद. मग तापमान, अमोनिया, नायट्राइट आणि पीएच तपासा, आणि सोबत बादलीतल्या नव्या पाण्याचाही पीएच.

दोन्ही पीएचमध्ये अर्ध्या अंकापेक्षा कमी फरक असेल तर ५० टक्के पाणी बदला, गरज वाटली तर चार-पाच तासांनी पुन्हा. टँकचा पीएच ६ च्या आसपास आणि बादलीचा साडेसात असेल तर एका वेळी १० टक्केच, तीन-चार तासांच्या अंतराने. नायट्राइट दिसला तर वर सांगितलेलं मीठ. पाणी आजच बदललं असेल आणि मासे सैरावैरा धावत असतील तर क्लोरीनचा संशय घ्या आणि पूर्ण टँकच्या हिशेबाने हायपोचा द्राव घाला, ५० लिटरला १० मिली, म्हणजे नेहमीच्या दुप्पट. मोठे मासे आधी गेले आणि छोटे तग धरून आहेत, तेही पहाटे, तर प्राणवायू कमी पडला. फवारणीचा संशय असेल तर ७० ते ८० टक्के पाणी बदला आणि फिल्टरमध्ये ॲक्टिव्हेटेड कार्बनची पिशवी टाका. सगळे आकडे ठीक असतील आणि अंगावर पांढरे ठिपके असतील, तरच रोगाकडे वळा.

सगळे मासे गेले तरी टँक उपसून, खडे उन्हात वाळत घालू नका. निम्मं पाणी बदला, फिल्टर चालू ठेवा आणि दुसऱ्या दिवसापासून रोज १० मिली अमोनियम क्लोराइडचा द्राव घालून जिवाणू जगवा. ३० मिली २४ तासांत पचतंय का ते आठवड्याने तपासा. पचत असेल आणि मृत्यू रोगाने झाले नसतील, तर नवे मासे आणायला हरकत नाही. पांढऱ्या ठिपक्यांनी गेले असतील, तर पाणी २८ अंशांच्या वर ठेवून टँक किमान दोन आठवडे माशांशिवाय चालवा. माशावाचून तो परजीवी तगत नाही. विषबाधेचा संशय असेल तर लागोपाठ तीन दिवस निम्मं पाणी बदला आणि पहिल्यांदा दोनच मासे सोडून पाहा.